रक्ताचा दाब : मुक्या जनावरांची साक्ष

(नभोवाणीवरील भाषण)

करवीरनगरीच्या माणसाला जनावरांची माया शिकवावी लागत नाहीं. शाहू छत्रपतींच्या घोड्यांच्या आणि शिकारी चित्त्यांच्या गोष्टी येथें अजून आवडीनें सांगितल्या जातात. म्हणूनच आजच्या विषयाचा आरंभ एका बांधलेल्या घोडीपासून होतो, हें ऐकून आपणांस थोडें वाईट वाटेल. इंग्लंडांतील स्टीफन हेल्स नांवाच्या धर्मोपदेशकानें तिच्या मांडीच्या धमनींत नळी बसवून तिला उंच कांचेची नळी जोडली. रक्त त्या नळींत आठ फुटांहून वर चढलें. हा वृत्तांत त्यानें १७३३ सालीं प्रसिद्ध केला. रक्त दाबाखालीं वाहतें व तो दाब मोजतां येतो, हें जगाला प्रथम त्या घोडीनें सांगितलें.

हा दाब कमीजास्त कोण करतें? उत्तराचा पहिला धागा सशाच्या कानांत सांपडला. १८५१ च्या सुमारास पॅरिसमध्यें क्लोद बर्नार यानें सशाच्या मानेंतील एक मज्जातंतु तोडला, तेव्हां त्या बाजूचा कान लाल व ऊन झाला. माळी जशी पाण्याची नळी चिमटींत धरतो, तसे हे तंतु रक्तवाहिन्या आवळून धरतात. ते तुटले कीं वाहिन्या सैल पडतात. पुढें १९३४ सालीं अमेरिकेंत हॅरी गोल्डब्लाट यांनीं कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीस चांदीचा चिमटा लावून ती अरुंद केली, आणि कुत्र्यांचा रक्तदाब चढला. मूत्रपिंड हें या विकाराचें एक मर्मस्थान आहे, हें त्यावरून सिद्ध झालें. या मूत्रपिंडालाही मज्जातंतु येऊन मिळतात. ते चेतले कीं मूत्रपिंड मीठ व पाणी धरून ठेवतें आणि दाब वाढविणारें द्रव्य रक्तांत सोडतें.

ज्ञान वाढलें, तरी इलाज मागेंच राहिला. ६ मे १९२२ रोजीं शाहू महाराज मुंबईंत हृदयविकारानें निवर्तले, तेव्हां त्यांस ४८ वर्षें पुरीं झालीं नव्हतीं. त्या काळीं दाब मोजण्याचें साधन होतें, परंतु चढलेला दाब उतरविणारें भरवशाचें औषध राजालाही मिळण्याजोगें नव्हतें. पुढें बोस्टनच्या स्मिथविक यांनीं पाठींतून शिरून मज्जातंतूंची सांखळीच कापून काढण्यास आरंभ केला. १९५३ पर्यंत अशा १२६६ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पुष्कळांचें आयुष्य वाढलें. पण उभें राहतांच घेरी येणें, हें अनेकांच्या नशिबीं आलें.

याच काळांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं निराळी वाट धरली. आपल्या सह्याद्रींतही उगवणाऱ्या सर्पगंधेच्या मुळ्या त्यांनीं पन्नास रोग्यांस देऊन १९४९ सालीं आपले निष्कर्ष ब्रिटिश हृदयरोग-पत्रिकेंत मांडले, आणि या देशी मुळीकडे पाश्चात्य वैद्यकाचें लक्ष वेधलें. १९५२ सालीं तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. पुढें प्राण्यांवरील प्रयोगांनीं उलगडलें कीं, तें मज्जातंतूंच्या टोकांशीं सांठविलेलें द्रव्यच रितें करतें. शस्त्र जें तोडून साधीत होतें, तें मुळी न तोडतां साधीत होती! मात्र मोठ्या मात्रेनें मन खिन्न होई, म्हणून पुढें अधिक सौम्य औषधें आलीं.

तरीही औषधांस दाद न देणारे रोगी उरलेच. २००९ सालीं मेलबर्नच्या क्रुम यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं धमनींतून बारीक तार मूत्रपिंडापर्यंत नेऊन, तेथील तंतु उष्णतेनें जाळण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आरंभींचे आंकडे विलक्षण होते. मग २०१४ सालीं ५३५ रोग्यांची कसोटी झाली. त्यांपैकीं एकतृतीयांशांवर केवळ उपचाराचा देखावा केला होता. दाब दोन्हीं गटांत उतरला, आणि दोहोंत नांव घेण्याजोगा फरक दिसला नाहीं!

कांहीं तंतु धमनीपासून दूर चरबींत असल्यानें उष्णता तेथवर पोंचत नसावी, अशी एक शंका निघाली. याच सुमारास डुकरांवर दुसरी युक्ति अजमावली जात होती. कारण डुकराची ही धमनी आकारानें माणसाच्या धमनीसारखी असते. क्ष-किरणांच्या वा चुंबकीय यंत्राच्या चित्रांत सुईची वाट पाहत पाहत, ती पाठींतून धमनीच्या बाहेरच्या अंगास न्यावयाची आणि तेथें मद्यार्क सोडून तंतु निकामी करावयाचे. स्मिथविक यांची सुरी जेथें वीतभर जागा उघडी, तेथें ही सुई बोटभर जागेंत काम करते. पुढें जुन्या तारेंतही सुधारणा झाली, नव्या कसोट्यांत दाब बेताचाच पण खराखुरा उतरला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्यें अमेरिकेनें अशा दोन साधनांस मान्यता दिली. म्हणून रोजची गोळी कोणीं आपल्या मनानें सोडूं नये.

हेल्सच्या घोडीला गुंगीचें औषध नव्हतें. आज आपल्या देशांत १९६० चा कायदा अशा जनावरास निष्कारण यातना देण्यास मनाई करतो, हें योग्यच आहे. पण ऋण तेवढ्यानें फिटत नाहीं. जनावर वाट दाखवितें. ती वाट रोग्यास हितकर आहे कीं नाहीं, हें रोग्यांवरील निःपक्ष कसोटीच ठरविते. ती कसोटी टाळून घाईनें यशाची दवंडी पिटली, तर रोगी फसतो, आणि त्या मुक्या जिवाचें मरणही व्यर्थ जातें.