युगांडात शाळेची फी माफ झाली तेव्हा

आज जरा लांबच्या देशाची गोष्ट सांगते. पूर्व आफ्रिकेतला युगांडा. इदी अमीनने 1972 मध्ये तिथल्या भारतीयांना, त्यात गुजराती फार, देशाबाहेर काढलं, हे आपल्या घरातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. त्यानंतर कितीतरी वर्षं यादवी चालली आणि सरकारची तिजोरी रिकामी झाली. शाळा मात्र बंद पडल्या नाहीत, कारण पालक-शिक्षक संघ वर्गणी काढून त्या चालवत होते. मास्तरांच्या पगारातही पालकांचाच हातभार असायचा. आता ज्या घरात पाच-सहा मुलं आणि फी एकाचीच निघते, तिथे कोण शाळेत जाणार? बहुतेक वेळा मुलगा.

1996 च्या निवडणुकीत अध्यक्ष मुसेवेनी यांनी प्राथमिक शाळेची फी माफ करण्याचा शब्द दिला, आणि जानेवारी 1997 पासून तो अमलात आला. एका कुटुंबातल्या चार मुलांची फी माफ, आणि घरात मुली असतील तर त्या चारांत दोन मुली हव्यात, असा नियम होता. हा नियम मला फार आवडतो. पण एड्समुळे पोरकी झालेली कितीतरी मुलं काका-मावशीकडे वाढत होती. त्या घरात चार कोणती मोजायची? चारची अट पुढे गळूनच पडली.

1996 मध्ये पटावर सुमारे 31 लाख मुलं होती. पुढच्याच वर्षी ती 53 लाखांच्या आसपास गेली. खोल्या तेवढ्याच, मास्तर तेवढेच. पहिलीच्या एकेका वर्गात शंभराहून जास्त मुलं, काही वर्ग झाडाखाली. पैसा कुठून आला, तर त्यातला काही कर्जमाफीतून. गरीब देशांच्या कर्जमाफीच्या योजनेत 1998 मध्ये पहिला नंबर युगांडाचा लागला. वाचलेला हप्ता शाळा, दवाखाने, पाणी यांसाठीच्या वेगळ्या निधीत टाकायचा, असं ठरलं. हप्ता वाचला की तो कुठे जिरतो, हे गट चालवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. म्हणून वेगळा निधी केला हे शहाणपणाचं वाटतं.

खरी गंमत पुढे आहे. फी माफ होण्याआधीही सरकार शाळांना दर मुलामागे अनुदान पाठवत होतंच. ते पोचतं का, हे बघायला अडीचशे शाळांची पाहणी झाली. 1991 ते 1995 या काळात शंभरातले सरासरी 13 शिलिंग शाळेपर्यंत पोचले होते. बाकीचे मधल्या जिल्हा कचेऱ्यांत अडकले. कित्येक शाळांना तर एक दमडीही मिळाली नव्हती, आणि पालकांना असं काही अनुदान असतं हेच ठाऊक नव्हतं.

मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली ते वर्तमानपत्रांतून आणि रेडिओवरून जाहीर करायला सुरुवात केली. शाळेनेही आलेली रक्कम दर्शनी भागात लिहून लावायची. (आपल्या मासिक बैठकीत जमा-खर्च मोठ्याने वाचतो, तसंच म्हणा.) 2001 च्या सुमारास शंभरातले 80 शाळेत पोचू लागले. सगळं श्रेय वर्तमानपत्राला देऊ नये, कारण अनुदान वाटायची पद्धतही त्याच काळात बदलली होती. तरी वर्तमानपत्र विकायचं ठिकाण ज्या शाळेच्या जवळ, तिला पैसे जास्त मिळाले, असंही अभ्यासात दिसलं.

पण पटावर नाव आलं म्हणजे मूल शिकलं असं नाही. तिथली प्राथमिक शाळा सातवीपर्यंत. 1997 मध्ये पहिलीत बसलेल्या मुलांपैकी 2003 मध्ये सातवीत पोचली ती चारांमागे जेमतेम एक. काही त्याच वर्गात पुन्हा बसली, पुष्कळशी सुटली. फी माफ झाली तरी गणवेश, वह्या, दुपारचं जेवण घरच्याच खर्चाने होतं. मुली मोठ्या झाल्या की अडचण वाढायची. शाळेत धड संडास नाही, पाणी नाही, घरी धाकटं भावंड सांभाळायला कुणी नाही, आणि लग्नाची बोलणी सुरू. दोन मुलींचा नियम करणाऱ्यांनी दाराशी आणण्याचा विचार केला होता. संडास बांधायला मात्र पुढे कितीतरी वर्षं लागली. माध्यमिक शाळेची फी 2007 मध्ये माफ होऊ लागली, तीही सातवीच्या परीक्षेत ठरावीक श्रेणी मिळवणाऱ्यांचीच.