सामानाचा झाडा

जॅक सगळ्यात खाली होता. दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि आम्ही चौघं भोरहून वरंध घाटाच्या दिशेने निघालो होतो. दिवस मावळायला आला होता. जीप जुनी, फोर-बाय-फोर. मागचा हौदा छतापर्यंत भरलेला. दोन तंबू, चार फोल्डिंग खुर्च्या, दोन बर्नरची शेगडी, आइस बॉक्स, स्पीकर, लाकडं, पाण्याचे कॅन. टायर पंक्चर झाला तेव्हा लक्षात आलं की जॅक आणि व्हील पाना या सगळ्याच्या तळाशी आहे. तो आम्ही सकाळी सर्वांत आधी ठेवला होता, कारण तो महत्त्वाचा होता.

सामान रस्त्याच्या कडेला उतरवण्यात पाऊण तास गेला. शेजारच्या कापणी झालेल्या रानात धनगरांचा एक वाडा नुकताच येऊन टेकला होता. आम्ही दुसरा तंबू खाली काढेपर्यंत त्यांची घोडी मोकळी झाली, वाघर ताणून झाली, कोकरं आत गेली, तीन दगडांवर भगुलं चढलं. एक वयस्क बाई आमची फजिती बघत उभ्या होत्या.

"कुठलं रं पोरांनो?"

"सांगवीचं, मावशी. बारामतीजवळची."

"आमी उंडवडीकडचं," त्या म्हणाल्या. मग आमच्या पसाऱ्याकडे हात करून म्हणाल्या, "आधी लागंल ते वर ठेवावं की."

आम्ही हसलो. नंतर मात्र ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. इतिहास वाचायची खोड असल्यामुळे मी ते वाक्य घेऊन मागे मागे जात राहिलो. तेव्हा लक्षात आलं की मी ज्या गावचा, त्या गावाच्या आजूबाजूने तीनशे-चारशे वर्षं माणसं तंबू बांधत, सोडत, लादत चाललेली आहेत. आमच्या जीपमागे निदान एवढा वारसा तरी आहे.

सांगवी नीरेच्या काठावर. नदी ओलांडली की फलटण तालुका. आमच्याकडे ऊस आहे तो नीरा डाव्या कालव्यामुळे, आणि कालवा आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. कालवा आणि नदी यांच्यामधला पट्टा बागायती. कालव्याच्या वरचा, उत्तरेचा भाग जिरायती. त्या जिरायती भागातले मेंढपाळ दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर लादून घाट उतरतात, कोकणात उन्हाळा काढतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत शेतकरी खतासाठी मेंढ्या रानात बसवून घेतात आणि त्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. या मेंढपाळांच्या देवांचा आणि वाटांचा अभ्यास करण्यात गुंथर सोन्थायमर या जर्मन विद्वानाने आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली.

या वाड्यात पुरुष मेंढरं घेऊन रानातून जातात. घोडी लादणं, बिऱ्हाड पुढच्या तळावर नेणं आणि तिथे संसार पुन्हा मांडणं हे बहुतेक बायकांचं काम. जड आणि उशिरा लागणारं सामान खाली, घोंगड्या-वाकळा मध्ये, त्यावर भांडी, दोर, आणि सगळ्यात वर नुकतं जन्मलेलं कोकरू, कोंबडी, कधी लहान पोर. रोज तेच बांधायचं आणि रोज तेच सोडायचं. अशा माणसाला यादी लागत नाही.

यादी लागते ती राज्याला. कृष्णाजी अनंत सभासदाने राजारामांच्या काळात जिंजीत शिवछत्रपतींची बखर लिहिली. तिच्यात लष्कराच्या शिस्तीचा एक भाग आहे. पावसाळा छावणीत. दसऱ्याला फौज बाहेर पडायची, आठ महिने मुलुखगिरी करायची आणि वैशाखात परतायची. निघताना लहानथोर प्रत्येकाजवळ काय काय आहे याचा झाडा, म्हणजे मोजणी आणि नोंद, घ्यायची. परतल्यावर पुन्हा झाडा घ्यायचा. जे जास्त निघेल ते सरकारचं. ठेवून घेतलं तर पगारातून वजा. लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी आणायला सक्त मनाई, आणि शिक्षा देहान्ताची.

हा नियम लूट लपवली जाऊ नये म्हणून होता, हे खरं. पण त्याने आणखी एक गोष्ट साधत होती. आपलं सामान निघण्याआधी कुणीतरी मोजणार आहे, हे माहीत असलेला माणस फालतू काही घेत नाही. मराठी घोडदळाच्या वेगाचं कौतुक आपण सगळे करतो. ग्रँट डफने रंगवलेला स्वारही आपल्याला आठवतो: भाला जमिनीत रोवलेला, घोड्याचा लगाम हातात धरून उघड्यावर झोपलेला. पण तो वेग घोड्यावर काय नव्हतं त्यातूनही येत होता.

याच्या अगदी उलट टोकाला मुघलांची छावणी. फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य १६६४-६५मध्ये औरंगजेबाबरोबर दिल्लीहून काश्मीरकडे गेला. त्याने पेशखान्याचं वर्णन केलंय. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात बादशहा मुक्कामाला असताना दुसरा पुढच्या तळावर जाऊन उभा राहायचा. त्यासाठी साठाहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल. व्यवस्था म्हणून ती डोळे दिपवणारी आहे. पण हेच चालतं शहर पुढे दख्खनमध्ये वीस-पंचवीस वर्षं फिरत राहिलं. १७००च्या ऑक्टोबरात ते आपल्या इंदापूरपासून फार लांब नसलेल्या माण नदीकाठी, खवासपूरला उतरलं होतं. रात्री नदीला पूर आला आणि छावणी बुडाली. धावपळीत औरंगजेबाचा गुडघा दुखावला आणि त्यानंतर तो लंगडतच राहिला. कोरड्या दिसणाऱ्या नदीपात्राजवळ तंबू ठोकू नये, हे कुठलाही गुराखी सांगेल. साठ हत्ती असले म्हणून ते कळतंच असं नाही.

आता पानिपत. त्याशिवाय सामानाची गोष्ट मराठीत पूर्ण होत नाही.

उदगीरचा विजय मिळवून १७६०च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ परतूरहून उत्तरेकडे निघाले. बरोबर इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा होत्या. सरदारांची कुटुंबं होती. खुद्द भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. फौजेच्या आसऱ्याने मथुरा-काशी-कुरुक्षेत्र करायला निघालेले यात्रेकरू होते. शिवाय व्यापारी, सुतार, लोहार, स्वयंपाकी, मोतद्दार. या न लढणाऱ्या सगळ्यांना मिळून शब्द होता बुणगे. छावणीच्या बाजारातले ते बाजारबुणगे. आज टीव्हीवर एखादा पुढारी दुसऱ्याला ज्या शब्दाने हिणवतो, तो शब्द असा तंबूंच्या गर्दीतून आलाय.

जाट राजा सूरजमलने सल्ला दिला की जड सामान आणि कुटुंबं मागे सुरक्षित किल्ल्यात ठेवा आणि सडे होऊन लढा. तत्कालीन वृत्तांत सांगतात की भाऊंनी तो मानला नाही. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, ऑक्टोबरात कुंजपुरा. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. १४ जानेवारी १७६१ला उपाशी फौज खंदकाबाहेर पडली ती लढून वाट काढायला.

शाळेत आम्ही शिकलो की बुणग्यांनी घात केला. इतकी तोंडं खायला घालायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? बरीच वर्षं मलाही हे पटत होतं. आता तितकंसं पटत नाही. ज्यांना बुणगे म्हणून मोजतो, त्यांच्यातलेच काही घोड्यांना नाल मारत होते, तोफांचे गाडे दुरुस्त करत होते, दळत होते, रांधत होते. तोफा न्यायच्या तर बैल हवेत, बैल हवेत तर वैरण हवी, आणि वैरण आणणारी माणसं हवीत. यात्रेकरू आणि कुटुंबं यांची गोष्ट वेगळी. त्यांना मथुरेपुढे न्यायचं कारण नव्हतं. पण त्यांना कुठे ठेवायचं हा निर्णय त्यांचा स्वतःचा नव्हता. सल्ला मिळाला तेव्हा तो तंबूत बसून नाकारला गेला, आणि दोष मात्र पाठीवर ओझं घेऊन चाललेल्यांच्या नावावर पडला. पळत आलेल्या मराठ्यांना पुढे त्याच सूरजमलने अन्नवस्त्र दिलं, आसरा दिला.

मला यात आमची जीप दिसते, हे तुम्हाला जरा जास्तच वाटेल. पण जॅक आम्ही नेला नव्हता असं नाही. तो चुकीच्या जागी होता. पानिपतावरही ओझं किती होतं यापेक्षा ते कुठे होतं हा प्रश्न मोठा होता. मथुरेला किंवा ग्वाल्हेरला राहिलेलं कुटुंब हे ओझं नव्हे. वेढ्यात सापडलेलं कुटुंब ओझं ठरतं.

या गोष्टीचा शेवट मात्र पानिपतावर होत नाही. तो माझ्या गावाच्या दोन्ही अंगांनी दर आषाढात चालत येतो.

सांगवीच्या एका बाजूने, बारामती-काटेवाडी-सणसर अशी तुकोबांची पालखी जाते. दुसऱ्या बाजूने, नीरेपलीकडे लोणंद-तरडगाव-फलटण अशी माउलींची. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराजांनी १६८५मध्ये पालखी सोहळा सुरू केला. माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी. हैबतबाबा सातारा भागातल्या आरफळचे आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेले. म्हणजे छावणी पाहिलेला माणूस. त्यांनी अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि तंबू मिळवले. चोपदार आले, तळ ठरले, दिंड्यांचे क्रम लागले. कोण रथापुढे, कोण रथामागे, कितव्या नंबरवर, हे अजून तसंच पाळतात. शितोळ्यांचे अश्व आजही दरवर्षी अंकलीहून येतात.

लष्कराचं शास्त्र होतं तेच. फक्त या वेळी बुणगे मागे ठेवायचे नव्हते. सगळा सोहळाच त्यांचा होता. बायका, म्हातारी, पोरं, टाळकरी, आचारी. सभासदाच्या लष्करात ज्यांना जागा नव्हती आणि पानिपतावर ज्यांच्यावर खापर फुटलं, त्यांनाच आता तंबूत जागा होती.

काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं तेव्हा बहुतेक लोक मोबाइल वर करून पालखीकडे बघत असतात. पुढच्या वेळी दिंडीचा ट्रक बघा. सकाळी वारकरी चालू लागले की मागे राहुट्या उतरतात, गुंडाळतात, ट्रकमध्ये चढतात. ट्रक पुढे जातो. वारकरी पोचेपर्यंत राहुट्या उभ्या आणि चुलीवर पातेलं असतं. बर्निएने पाहिलेला पेशखाना तो हाच, फक्त हत्तींशिवाय आणि बादशहाशिवाय. मुक्कामाला पोचल्याबरोबर जे लागतं, ते ट्रकच्या फळक्याजवळ असतं: खुंटे, दोर, हातोडे, मग पातेली. वारकऱ्यांच्या पिशव्या त्याच्या आत. हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. ट्रक भरणाऱ्या दोघातिघांना ते माहीत असतं, आणि त्यांची नावं कुठल्या ग्रंथात येत नाहीत.

त्या रात्री आम्ही घाटात गेलोच नाही. टायर बदलून त्याच रानाच्या कडेला तंबू टाकला. मावशींनी भाकरी दिल्या. आम्ही शेगडी काढलीच नाही. पहाटे उठून बघितलं तर वाडा गेलेला. तीन काळे दगड आणि लेंड्या, एवढंच मागे होतं.

घरी आल्यावर आम्ही जीप अंगणात रिकामी केली आणि झाडा घेतला. वहीत दोन रकाने केले: काय वापरलं, काय नुसतं फिरवून आणलं. दुसरा रकाना पानभर झाला. खुर्च्या, स्पीकर, आइस बॉक्स, शेगडी. पहिल्यात होतं: दोर, ताडपत्री, बॅटरी, पाणी, पांघरूण, जॅक.

आता निघताना जॅक, पाना आणि दोर हौद्याच्या दाराशी असतात. पाणीही तिथेच. आणि सामान कोण भरणार हे आदल्या रात्री ठरतं, कारण ज्याने भरलं त्यालाच अंधारात हात घालून ते सापडतं.