सूर्य पाहून ठरलेला सण

आज आम्ही आयर्लंडच्या ‘साउइन’ या जुन्या सणाची माहिती सांगणार आहोत. हॅलोविनची मुळे याच सणात आहेत, असे मानतात.

सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात आणि डिसेंबरात सर्वांत मोठी रात्र येते. या दोहोंच्या साधारण मध्यावर, १ नोव्हेंबरला, तिथे हिवाळा लागे. दिवस सूर्यास्तापासून मोजत, म्हणून सण ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच सुरू होई.

छापील दिनदर्शिका नव्हती, पण सूर्य होता. तिथे तारा नावाच्या टेकडीवर सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचे दगडी थडगे आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याची किरणे त्याच्या आत शिरतात. हे थडगे केल्टिक संस्कृतीहूनही जुने. म्हणजे हा काळ ओळखण्याची रीत त्याहून आधीची असावी.

एवढी काळजी कशासाठी? गुरांसाठी. उन्हाळी कुरणांतली गुरे याच सुमारास घरी आणत. चारा किती आहे आणि त्यावर किती जनावरे हिवाळा काढतील, हे आता ठरवावे लागे. बाकीची कापून मांस साठवत. जास्त जनावरे ठेवली, तर वसंताआधीच चारा संपे.

मैत्रिणींनो, चाऱ्याचा हिशोब आपल्यालाही ठाऊक आहे. तिथे त्या हिशोबाची वेळ सूर्य सांगे.