चंदेरी पानांची शोभिवंत झाडे : पावसाळ्यातील मर कशी टाळावी?

ल्युकोफायलमचे रोप कडक उन्हाळा सहज काढते आणि जुलै-ऑगस्टमध्ये मरते. जमीन ओली असतानाही पाने मलूल दिसतात. ती पाहून आपण आणखी पाणी देतो, नेमके तेच मारक ठरते. अशा वेळी बुरशीनाशकाच्या आळवणीचा खर्च निचरा सुधारल्याशिवाय वाया जातो.

पानांचा चंदेरी रंग म्हणजे त्यांवरील बारीक लव. ही लव ऊन परावर्तित करते, बाष्पीभवन कमी करते. दाट सावलीत किंवा युरियाचा हात सैल सोडल्यास वाढ लुसलुशीत होते, लव विरळ पडते आणि झाड हिरवट दिसू लागते. म्हणून दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशीच जागा निवडा.

ल्युकोफायलम मूळचे अमेरिकेतील टेक्सास व उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या, चुनखडीच्या भागातील. त्यामुळे जास्वंद पिवळी पडते अशा चुनखडीयुक्त जमिनीतही ते चांगले येते. भारी काळ्या जमिनीत मात्र सपाट वाफ्यावर लावू नका. सुमारे 30 सें.मी. उंच गादीवाफा करून मातीत मुरूम किंवा जाड वाळू मिसळा. शेणखत पूर्ण कुजलेले आणि थोडेच घाला. कुंपणासाठी दोन रोपांत 75 ते 90 सें.मी. अंतर ठेवा. खोडाला पालापाचोळ्याचे आच्छादन भिडवू नका, बारीक खडी चालेल. पहिल्या वर्षी वरची 5 सें.मी. माती वाळल्यावरच पाणी द्या. पावसाच्या दमट हवेत जांभळी फुले येतात. दर पंधरवड्याला कात्री लावून चौकोनी आकार राखणाऱ्यांना ती फारशी दिसत नाहीत!

अभिवृद्धी अर्धपक्व फांद्यांच्या छाट कलमांपासून करतात. इतर झाडांप्रमाणे सतत तुषार दिल्यास ही कलमे कुजतात.

डस्टी मिलर आपल्याकडे हिवाळी हंगामी म्हणूनच लावावे. पावसाळ्यात ते जगवण्याचा खटाटोप परवडत नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये बी ट्रेमध्ये पेरा. उगवणीला उजेड लागतो, म्हणून बी मातीने झाकू नका, नुसते हलके दाबा. पिवळ्या फुलांचे दांडे दिसताच खुडा.

या झाडात यकृताला घातक अल्कलॉइड असतात. ते वाळल्यावरही नाहीसे होत नाहीत. छाटणीचा पाला गुरांच्या गव्हाणीत किंवा बांधावर टाकू नका, खड्ड्यात पुरा.