नावेला झेपेल एवढी वाफ

हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात पत्र्याची, फटफट आवाज करणारी होडी तुम्ही कधीतरी घेतली असेल. परातीत पाणी भरायचे, तेलाची वात पेटवून होडीच्या पोटात सरकवायची, की ती आपली गोल गोल फिरू लागते. तिच्या पोटात ना चाक, ना दट्ट्या. पत्र्याच्या डबीत वाफ होते, ती नळीतले पाणी मागे ढकलते. वाफ निवली की पाणी पुन्हा आत येते. बाष्पक तोच नि इंजिनही तेच! थोमास पियो यांनी १८९१ मध्ये अशा होडीचे पेटंट घेतले होते.

पण वाचकहो, एखाद्या हौशी मुलाला सिद्धेश्वरच्या जलाशयात हातभर लांबीची खरी आगबोट सोडावीशी वाटली तर? इंजिन कोणते घ्यावे, बाष्पक केवढा घ्यावा? हा हिशेब आपल्या मुंबईला जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर करावा लागला होता.

वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत १८२९ मध्ये 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची आगबोट तयार झाली. इंजिने दोन, प्रत्येकी ८० अश्वशक्तीची. २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. कोळशाची सोय होती साडेपाच दिवसांची, अन् एडन गाठायला लागणार सुमारे अकरा दिवस! मग काय, उतारूंच्या खोल्यांतही कोळसा भरला आणि बोट पाण्यात खोल बसली. एडन आले तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा शिल्लक होता.

याच घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी यांनी धाकट्यापासून सुरुवात केली. एक अश्वशक्तीचे इंजिन स्वतः घडवून त्यावर त्यांनी विहिरीचे पाणी वर चढवले. १८३३ मध्ये त्यांनी साठ टनांची 'इंडस' पाण्यात सोडली आणि पुढे तिच्यावर वाफेचे इंजिन बसवले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

आता आपल्या हातभर नावेकडे वळू. आधी नावेत वजने ठेवून ती किती भार पेलते ते पाहावे, मग इंजिनाकडे जावे. डुलणाऱ्या सिलिंडरचे इंजिन सोपे. त्याला वेगळी झडप लागत नाही. मात्र एकाच बाजूने वाफ घेणारा एकुलता सिलिंडर मधेच अडला, तर चाकाला बोटाने टिचकी द्यावी लागते, आणि जलाशयाच्या मध्यावर टिचकी कोण देणार? दोन सिलिंडर बरे. पण ते वाफही जास्त पितात. ती सतत पुरवील एवढा बाष्पक हवा, आणि तो नावेच्या मध्यावर, तळाशी बसवावा. नाहीतर नाव कलंडते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. सुरक्षा-झडपेवाचून बाष्पक पेटवू नये, आणि इंधन इतकेच घालावे की पाणी आटण्याआधी ते संपावे. 'ह्यू लिंडसे'ला कोळसा संपण्याचे भय होते. आपल्याला मात्र तो संपलेलाच बरा! कोरडा बाष्पक तापला तर तो फुटतो आणि भाजतो. पंचवीस लिटरांहून लहान बाष्पकाकडे बाष्पकाचा कायदा पाहत नाही. तेव्हा तिथे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच लक्ष ठेवायचे असते.