देवनागरीचे कार्ड ते अंगभूत ग्राफिक्स

संगणकातील आकड्यांना पडद्यावर अक्षरांचे व चित्रांचे रूप देणारा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड होय, आणि मराठी कामकाजापुरते पाहिले तर त्याची पहिली कसोटी खेळ नव्हे, देवनागरी ही होती. १९८१ च्या आयबीएम पीसीला जोडाक्षरे दाखवता येत नसत. ती उणीव कानपूरच्या आयआयटीत घडलेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेल्या 'जिस्ट' कार्डाने, म्हणजे पीसीत बसवायच्या एका जादा पट्टीने, भरून काढली, आणि हे काम मराठीच्या दृष्टीने फार मोलाचे ठरले.

१९९८ च्या वारणा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पाने कोल्हापूर-सांगलीच्या सुमारे ७० ऊसकरी गावांत संगणक नेला, तोवर देवनागरीचे काम सॉफ्टवेअरकडे सरकू लागले होते. १९९९ मध्ये इंटेलच्या ८१० चिपसंचात ग्राफिक्स मदरबोर्डवरच आले, तर २०११ पासून ते मुख्य प्रोसेसरच्याच चिपमध्ये सामावले.

म्हणूनच सातबारा, पत्रव्यवहार, ऑनलाइन वर्ग व चित्रफिती यांपुरता लॅपटॉप घेणाऱ्या सातारा-सांगलीकराला अंगभूत ग्राफिक्स पुरेसे आहे. कऱ्हाडच्या वा सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्रिमितीय आराखडे करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र स्वतंत्र कार्ड उपयोगी पडते. इतरांनी तो पैसा १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर खर्च करावा.