सणाला अंगण लागते

परदेशातल्या मराठी मंडळांचा इतिहास लिहायला बसलेला माणूस बहुधा अमेरिकेपासून सुरुवात करतो. १९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला, आपले डॉक्टर-इंजिनियर तिकडे गेले, १९६९ मध्ये शिकागोत महाराष्ट्र मंडळ निघाले, १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले आणि १९८४ मध्ये शिकागोतच पहिले अधिवेशन भरले. फार तर कुणी मागे जाऊन लंडनच्या १९३२ च्या महाराष्ट्र मंडळाचे नाव घेतो. यातले काही खोटे नाही. पण हा इतिहास ज्यांच्यापाशी घटना होती, अध्यक्ष होता, स्मरणिका होती आणि जमाखर्चाची वही होती त्यांचा आहे. यातले काहीही नसलेली मराठी माणसे त्याआधी कितीतरी वर्षे समुद्रापार जाऊन राहिली होती, आणि सणही करत होती. त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे.

मी खाप्याचा. कन्हान हेच आमच्याकडचे मोठे पाणी. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पस्तिशी ओलांडलेली होती. खापा हे विणकरांचे गाव, १८६७ पासून नगरपालिका असलेले. आमच्या घरात दोन पिढ्या माग चालला. मी तिसऱ्या पिढीत हिशेबनीस झालो आणि उरलेल्या वेळात वाचत गेलो. माग बंद पडले तशी गावातली घरे एकेक करून रिकामी होताना मी पाहिली. गाव सोडणारा माणूस सोबत नेमके काय नेतो आणि त्यातले काय टिकते, हा प्रश्न मला तिथून लागला. त्याचे उत्तर शोधताना मी आधी मॉरिशसला आणि मग, कुणाला हसू येईल, पण थेट आइसलँडच्या लोकांपर्यंत जाऊन पोहोचलो. अर्थात पुस्तकांतून.

मॉरिशसची गोष्ट थोडक्यात अशी. १८१० मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतले. १८३५ मध्ये तिथली गुलामी कायद्याने संपली. ऊस मात्र संपला नव्हता. तो तोडायला माणसे हवी होती, म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्याची पद्धत सुरू झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून निघालेले छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढे गैरप्रकारांची ओरड झाल्यावर १८३९ मध्ये ही वाहतूक थांबवली गेली आणि १८४२ च्या कायद्याने पुन्हा उघडली. सारे मिळून साडेचार लाखांच्या आसपास माणसे या बेटावर गेली. बहुतेक भोजपुरी मुलखातली, बरीचशी तमिळ-तेलुगू, आणि मुंबई बंदरातून चढलेली त्यामानाने थोडी. ही थोडी म्हणजे मराठी. रत्नागिरी-सावंतवाडीच्या पट्ट्यातली, काही घाटावरची.

प्रत्येकाला क्रमांक मिळाला. नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, अंगावरची खूण असे सारे नोंदले गेले. पुढे छायाचित्रेही काढली जाऊ लागली. या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. लिहिणारा कारकून फ्रेंच किंवा इंग्रज कानाने ऐकायचा, त्यामुळे आपल्या ओळखीची नावे तिथे वेगळ्याच वळणाने लिहिली गेली. आणि आजोबाचे पाळण्यातले नाव पुढे साऱ्या घराण्याचे आडनाव होऊन बसले. आडनावावरून गाव आणि जात शोधायची आपली सवय तिथे निम्म्याहून अधिक वेळा तोंडघशी पडते. मला ही गोष्ट वाईट वाटत नाही.

आता सणाकडे येतो. मळ्यावर ‘दुहेरी कपात’ नावाचा नियम होता. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापली जायची. महिन्याची मजुरी पाच रुपयांच्या घरात. हा हिशेब मी हिशेबनिसाच्या डोक्याने वाचला आणि मग गणपतीकडे पाहिले. दीड दिवसाचा गणपती बसवायचा म्हटले तर एका माणसाला निदान तीन-चार दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडावे लागणार. शिवाय राहायला मळ्यावरची खोली, मालकाची. चौरंग मांडायचा तो कुणाच्या जागेत? मूर्ती वाजतगाजत न्यायची तर कुणाच्या रस्त्यावरून?

मॉरिशसमध्ये घरगुती गणपती पहिल्यांदा १८९६ साली आंरिएत्ता या गावी एका मराठी कुटुंबाने बसवला असे सांगतात, आणि त्या घरात तो आजही बसतो. आपले लोक हे साल ऐकले की लगेच टिळकांशी सांगड घालतात. १८९३-९४ ला पुण्यात, १८९६ ला मॉरिशसला, म्हणजे लाटच समुद्रापार गेली. मला हे पटत नाही. पुण्यातली चळवळ वर्तमानपत्रांतून आणि मेळ्यांतून वाढली, आणि मॉरिशसचा हा गणपती घरातला होता. तिथे त्याच सुमारास दुसरे काही घडत होते, ते पाहायला हवे. साखरेचे भाव पडत गेले तसे मळेवाल्यांनी कडेकडेच्या जमिनींचे तुकडे पाडून विकायला काढले. तिथल्या इतिहासात याला ‘ग्रां मोर्सेलमां’ म्हणजे मोठी तुकडेपाडणी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत करार संपलेल्या हजारो हिंदी कुटुंबांनी पै-पै साठवून असे तुकडे घेतले आणि मळ्याबाहेर त्यांची गावे उभी राहिली. अंगण मिळाले. माझा कयास असा की सण आठवणीत साठ वर्षे होताच; तो जमिनीवर उतरला तो स्वतःचे अंगण झाल्यावर. याला माझ्यापाशी दस्तऐवजाचा पुरावा नाही, केवळ सालांची जवळीक आहे.

पुढचा प्रवास मोठा आहे, तो भराभर सांगतो. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. गणेश चतुर्थी आज तिथली राष्ट्रीय सुट्टी आहे. जगात किती देशांनी मराठी माणसाच्या सणाला सरकारी सुट्टी दिली असेल? लोकसंख्येत मराठी हे मूठभर, तरीही. मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन आहे, महाराष्ट्र भवन आहे, १ मे साजरा होतो. १९९१ मध्ये दुसरी जागतिक मराठी परिषद तिथे भरली. २०२३ मध्ये महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला गेला. शाळेत मराठी शिकता येते, ‘पूर्वजांची भाषा’ या सदराखाली. या सदराच्या नावातच सारी कथा आली. घरात, बाजारात, भांडणात आणि प्रेमात बोलली जाते ती क्रिओल.

आणि झाकरी. कोकणातली जाखडी, जिला मुंबईत बाल्या डान्स म्हणून हिणवले गेले, ती मॉरिशसच्या मराठी माणसाने झाकरी या नावाने जपली. मधे गाणारे-वाजवणारे, भोवती गोल धरून नाचणारे, पायात चाळ. कोकणात तिला गणपतीचे दिवस असतात, तिथेही. मुंबईतल्या सुशिक्षित मराठी घरात ज्या नाचाकडे घरगड्यांची करमणूक म्हणून पाहिले गेले, तो एका देशात आपल्या समाजाची ओळख म्हणून रंगमंचावर आला. इथे मला आइसलँडची आठवण होते; ती का, ते सांगतो.

आइसलँडमधून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दारिद्र्य, थंडी आणि ज्वालामुखीच्या राखेला कंटाळून काही हजार माणसे कॅनडात गेली. ऑक्टोबर १८७५ मध्ये त्यांची एक टोळी विनिपेग सरोवराच्या काठी उतरली आणि त्या वस्तीला त्यांनी गिमली नाव दिले. जगबुडीनंतर वाचलेले जिथे राहतात त्या सभागृहाचे त्यांच्या पुराणातले हे नाव. दुसऱ्याच वर्षी देवीच्या साथीत त्यांतली कितीतरी दगावली. १८७७ मध्ये त्यांनी स्वतःचे छापील वर्तमानपत्रही काढले! (आपल्या वाचकाने इथे जरा थांबावे. अन्नाची भ्रांत आणि छापखाना एकत्र.) १८९० पासून विनिपेगमध्ये ‘आइसलँडर्स डे’ भरू लागला, १९३२ मध्ये तो गिमलीला हलवला गेला आणि आजही ऑगस्टच्या आरंभी तिथे भरतो. १९२४ पासून या उत्सवात एका ज्येष्ठ स्त्रीला मायदेशाचे प्रतीक म्हणून ‘फ्याल्कोना’, म्हणजे डोंगरबाई करतात. हिरवा झगा, पांढरा शेला, डोक्यावर मुकुट. गंमत अशी की आइसलँडमध्ये राष्ट्रीय दिनाला अशी डोंगरबाई उभी करण्याची प्रथा १९४० नंतरची. प्रतीक आधी परदेशात अंगावर चढले, घरी मागाहून आले.

ऑगस्टचीही कथा आहे. २ ऑगस्ट १८७४ ला डेन्मार्कच्या राजाने आइसलँडला राज्यघटना दिली, तो दिवस या लोकांनी धरला. आइसलँड १९४४ मध्ये प्रजासत्ताक झाला तेव्हा त्याचा राष्ट्रीय दिवस १७ जून झाला. कॅनडातल्यांनी ऑगस्ट सोडला नाही. घरचे पुढे गेले की बाहेर गेलेले जुन्या तारखेला धरून बसतात. त्यांच्या खाण्यातही तसेच. व्हिनारतेर्ता नावाची सुक्या आलुबुखाराच्या सारणाची थरांची मिठाई. गिमलीकडच्या घरांत थर किती असावेत यावरून वाद होतात, आणि खुद्द आइसलँडमध्ये तिचा तो मान राहिला नाही. भाषा मात्र गळत गेली. १९५९ मध्ये त्यांची दोन जुनी वर्तमानपत्रे एकत्र झाली, आणि तो जोडपत्राचा अंक पुढे इंग्रजीत निघू लागला. नाव तेवढे आइसलँडी.

मॉरिशसचे मराठी निरक्षर मजूर होते, आइसलँडचे लोक छापखाना घेऊन आलेले. भाषेच्या बाबतीत दोघे एकाच जागी पोहोचले. छापखान्याने भाषा काही दशके अधिक धरून ठेवली इतकेच. टिकले ते ज्याला ठरलेला दिवस आहे, ज्यात दहा-वीस हात लागतात आणि शेवटी काहीतरी वाटून खाल्ले जाते ते.

बेने इस्रायलांकडे पाहा. कोकणातले हे मराठी ज्यू १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. आंदोलने करावी लागली, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला. त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. पण नव्या पिढीच्या हाती उरला तो मलिदा: भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, वर फळे, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे स्मरण. नवसाला, लग्नाआधी, नव्या घरात. हिब्रू बोलणाऱ्या घरात पोहे भिजतात ते मलिद्यासाठी.

अमेरिकेविषयी मला फार सांगायचे नाही, त्यांनी स्वतःविषयी पुष्कळ लिहिले आहे. एकच नोंद करतो. तिथे चतुर्थी बुधवारी आली तर गणपती पुष्कळदा शनिवारी होतो, शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन. यावर इथले लोक नाक मुरडतात. मुरडू नये. दुहेरी कपातीपेक्षा हे बरेच सौम्य, पण मूळ अडचण तीच आहे, रजेची. पंचांग पाळायला सरकार मागे लागते, ते मॉरिशसच्या मजुरांच्या नातवंडांना मिळाले, अमेरिकेतल्या इंजिनियरांना मिळालेले नाही.

माझी तक्रार दुसरीच आहे. परदेशी अधिवेशनांच्या ज्या स्मरणिका मी चाळल्या त्यांत नऊवारी, नाट्यसंगीत, लेझीम, पुरणपोळी सारे असते. आमच्या वऱ्हाड-नागपूरकडची भुलाबाई मला त्यांत दिसली नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर जातात, गाणी म्हणतात आणि डब्यात झाकलेली खिरापत ओळखायला लावतात. दिवस ठरलेला, हात पुष्कळ, शेवटी खाऊ. टिकण्यासारखे सारे तिच्यात आहे. तरी ती मागे राहिली, कारण ‘मराठी संस्कृती’ नावाची पेटी भरताना आमच्याकडचे फारसे कुणी शेजारी नव्हते. आइसलँडच्या डोंगरबाईसारखे प्रतीक एकच उभे राहते, आणि त्याचा झगा कुणाच्या घरचा हे आधीच ठरलेले असते.

त्यासाठी समुद्र ओलांडायचीही गरज नाही. खाप्याहून सावनेर, पुढे केळवद मागे टाकले की राज्याची सीमा येते आणि मग सौंसर, पांढुर्णा. १९५६ मध्ये जुन्या मध्य प्रांतातले नागपूर-विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. तिथल्या मराठी माणसाने गाव सोडले नाही; सीमाच त्याच्या अंगणापलीकडून गेली. पाट्या हिंदी, शाळा हिंदी, घरात मराठी. त्यांची कुठे स्मरणिका निघत नाही.

पण पोळा होतो, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्यावर सावरगाव. झेंडा काढायला जो पुढे येईल त्याच्यावर दोन्हीकडून दगड. माणसे जखमी होतात, मेलीही आहेत. सरकारने दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले, लोकांनी दगडच उचलले. हा प्रकार थांबावा असे मला मनापासून वाटते, आणि कुठल्याही अधिवेशनाच्या रंगमंचावर तो कधी येणार नाही हेही उघड आहे. तरी सीमेपलीकडच्या या मराठी मुलखात इतकी वर्षे न चुकता काय होते असे कुणी विचारले, तर मला आधी त्याचेच नाव घ्यावे लागते. झेंडा निघाला की दगड थांबतात, आणि दोन्ही काठांची माणसे तो घेऊन चंडीमातेच्या देवळाकडे चालू लागतात.